कानातला दगड

नोव्हेंबर सरता सरता ट्रॉम्सोत सूर्य रजेवर जातो.
त्याच आठवड्यात जागेची मुदत संपली.
संशोधक, पीएचडीसाठी. एक पद, चार वर्षं, पगारी.
विषय: कॉड माशाच्या कानातला दगड.

एकसष्ट अर्ज आले.
शेवटचा रात्री अकरा अठ्ठावन्नला, दुशान्बेहून.
तिथे तेव्हा पहाटेचे चार वाजत आले असतील.
कोणी तरी चहाचा थंड पेला बाजूला सारून
एकदाची कळ दाबली असेल.

मी समितीत नाही.
मी तळघरातला तंत्रज्ञ, तोर्ग्रिम.
सव्वीस वर्षं दगड कापतोय.
पावट्याच्या दाण्याएवढा असतो,
मधोमध चिरायचा, घासायचा, भिंगाखाली धरायचा.
उन्हाळ्याचं कडं रुंद, हिवाळ्याचं काळसर.
आणि ज्या साली पोटाला मिळालं नाही
त्या सालचं केसाएवढं,
नवख्याला दिसतच नाही.

अर्जदारांची यादी आमच्याकडे उघडी असते.
नाव, वय, गाव. कायदाच तसा आहे.
मी ती जेवणाच्या सुट्टीत वाचतो,
लोक हवामान वाचतात तशी.
झरिना, एकतीस, दुशान्बे.

अहवाल मात्र बंद पाकिटातली गोष्ट.
तरी गुडवाइगला कॉफीबरोबर
काही तरी बोलल्याशिवाय चैन पडत नाही.
नाव घेतलं नाही तिनं.
म्हणाली, एकीबद्दल लिहिलंय:
“दोन वर्षं कोरी. खुलासा नाही.”
अहवाल प्रत्येक अर्जदाराला जातो,
आपल्याबद्दल काय लिहिलं ते ज्यानं त्यानं वाचावं म्हणून.
तिनं वाचलं. उत्तर पाठवलं, चार ओळींचं:
खुलासा सातव्या पानावर आहे.
वडील अंथरुणावर होते, उठवणारी मी एकटी.
क्रमांक राहू द्या.
वाक्य तेवढं बदला.

समिती पुन्हा बसली. पंधरा मिनिटं.
वाक्य बदललं.
क्रमांक राहिला, चौथा.
मुलाखतीला तिघांना बोलावलं.

ऑगस्टमध्ये ओल्डनबुर्गहून मुलगा आला, टिल.
चांगला आहे. हात हलका.
भाड्याची खोली मिळेपर्यंत महिनाभर
माझ्याकडेच राहिला, भांडी न सांगता घासायचा.
त्याच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

पहिल्याच दगडाला म्हणाला, वय सात.
मी म्हटलं, पुन्हा बघ.
सात.
पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये बघ.
बराच वेळ तो भिंगावरून हलला नाही.
इथे?
इथे.
मग वहीतला सात खोडून आठ केला,
आणि विचारलं,
त्या वर्षी काय झालं होतं याला?
मी म्हटलं, ते दगडात नसतं.

परवा आल्टाच्या शाखेतली जागा निघाली,
विषय साल्मनच्या अंगावरच्या उवा.
यादी लागली. चव्वेचाळीस नावं.
वरून तेविसावं:
झरिना, बत्तीस, दुशान्बे.

मी गुडवाइगला विचारलं,
हा किती वाजता आला?
तिनं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.
हेही सांगायचं नसतं, म्हणाली.
खिडकीबाहेर दुपारी दोनचा अंधार, दिवे लागलेले.
दोन घोट घेतले तिनं.
दुपारी, म्हणाली. मुदतीच्या नऊ दिवस आधी.