पोटखराब

गट नंबर दोनशे अकरा. क्षेत्र तीन हेक्टर चाळीस आर.
सातबाऱ्यावर एवढंच: पोटखराब.
नांगर लागत नाही, म्हणाला रखमाजी कोतवाल,
लागला तर फाळ तुटतो,
आणि ढेकळाबरोबर वर येतं
कधी नालेचं टवकं, कधी दात.
माणसाचा का घोड्याचा, आम्ही विचारत नाही.

मी मोजणीला आले दुधनेच्या काठी
बोरगव्हाण आणि सावरखेडच्या शिवेच्या भांडणात.
तिपाई रोवली. बुडबुडा मधोमध आणला.
वाळली तूर शेंगांनी खुळखुळत होती,
दोन्ही गावं दोन्ही अंगांना उभी,
मधे हा माळ, कुसळांचा.

बोरगव्हाण सांगतं: आमचा मायदेव दंडनायक,
एकट्यानं हत्ती माघारी फिरवला,
मेला तोही बसल्या खोगिरावर.
सावरखेड सांगतं: आमचा बोपय्या,
मुंडकं पडलं तरी धड ओढ्यापर्यंत लढलं.
आठशे वर्षं झाली म्हणतात.
सांगताना मात्र आवाज असा चढतो
की परवाच, तलाठ्यासमोर झालं सगळं.

दोघांच्याही वीरगळी आहेत.
खालच्या खणात घोडा, मधल्यात अप्सरा,
वरच्यात तो, हात जोडून, पिंडीपुढं,
माथ्यावर चंद्र-सूर्य.
दुसरीवरही तेच. अगदी तेच.
एकाच पाथरवटाचा हात असावा,
एकाच गाडीतून आणल्या असाव्यात.
मायदेवाच्या तोंडावर विळ्यांना धार लावून खाच पडलीय.
बोपय्याला शेंदूर इतका, की नाक चाचपावं लागतं.

मोजलं. दगड ते दगड
एकेचाळीस मीटर वीस.
हाक मारली तर ऐकू जाईल.

आणि मधे, अगदी मधे नाही,
जरा सावरखेडकडं सरकून,
गुडघ्याएवढा तिसरा दगड.
ना अप्सरा, ना पिंड.
एक फुगलेली पखाल
आणि तिच्याखाली वाकलेला हेला.

हा कोण?
गयबू मुलाणी तेवढा पुढं आला.
पखालवाला. नाव न्हाई.
आमची दादी म्हनायची, दोन्हीकडल्यांना पानी पाजलं यानं.
मग मारलं कुणी?
दोन्हीकडं पाजलं म्हनल्यावर, बाई,
मारायला कुनीबी चालतंय.
मागनं कुणीतरी: पाजलं कुठलं, इकलं आसंल!
हसली दोन्ही गावं, एकदमच,
दिवसभरात तेवढी एकदा.

याच्यावर हक्क कुणाचा?
कुणी बोललं नाही.
जुन्या नकाशावरची शिवेची रेघ,
निजामाच्या काळात साखळीनं ओढलेली,
नेमकी हेल्याच्या पाठीवरून जात होती.

पंचनाम्यात लिहिलं:
हद्दीची निशाणी, जुना दगड, जागेवर कायम.
मायदेव, बोपय्या लिहिले नाहीत.
तसा रकाना नव्हता.
सह्या झाल्या, अंगठे उमटले,
माणसं आपापल्या पांदीला लागली.

यंत्र पेटीत घालताना दिसलं,
पखालीच्या तोंडाशी खळगी, बोट बुडेल एवढी,
तीत पाणी.
एक होला मान खालीवर करत पीत होता.
दव एवढं पडत नाही पौषात.

गयबूच्या खांद्यावरचा पंचा
ओला होता की कोरडा,
सेलूपर्यंत आठवत बसले.