एक सिक्वेन्स जास्तीचा

वसमतच्या हळद बाजारात
चौतराबाई खराटे पोत्यांची तोंडं शिवायच्या.
गेल्या महिन्यात त्यांनी दाभणाला 'कुत्रं' म्हटलं,
सुनेला 'मावशी',
आणि दोन रात्री डोकं धरून बसल्या.

हिंगोलीचा सीटी लिफाफ्यात आहे:
डाव्या बाजूला सूज. गाठ असावी.
मुलानं 'असावी' वाचलेलंच नाही.

नांदेडच्या या तळघरात आम्ही आधी धातू उतरवतो.
जोडवी निघेनात; सिस्टरनं साबण लावला.
ट्रेमध्ये डोरलं, सेफ्टी पिन,
कमरेच्या पिशवीतला अडकित्ता.
मग मशीन ठोकू लागलं,
पत्र्यावर गारा पडाव्यात तसं.

पडद्यावर पांढरं पसरलेलं,
मेंदूच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या.
हो, गाठीसारखंच.
शिरेतून औषध सोडलं, कडेकडेनं थोडं उजळलं,
मध्ये ढेकूळ काही सापडेना.
वाढती गाठ रक्त ओढून घेते, हावरी असते.
इथं ओढ नाही.

पावणेदहा वाजलेले.
मुजीब म्हणाला, मॅडम, अजून सहा मिनिटं घेऊ?
घे. लोखंड दाखवणारा घे.

भाकरीच्या काठावर कारळं सांडावीत
तसे ते दिसले.
काळे, बारीक, सालीलगत, मागे जास्त.
एकोणचाळीसपर्यंत मोजले, मग सोडलं.
एकेक ठिपका म्हणजे कुठल्याशा दिवशी
कुणाला न सांगता पाझरलेला थेंब.
बोअरच्या पाण्यानं पायपाला क्षार धरावा
तशा बारीक धमन्या, राठ आणि ठिसूळ.
सगळं लोखंड दाराबाहेर ठेवून
बाई लोखंड घेऊनच आत आल्या होत्या.

"गाठ हाय का मॅडम?"
बहुतेक नाही.
"मंग चांगलं झालं की!"
क्षणभर मी त्याला तसं म्हणू दिलं.
मग सांगितलं:
कवटी उघडायची घाई नको,
स्टेरॉईडनं सूज उतरते का ते बघतील,
रक्त पातळ करायची गोळी कुणी लिहिली
तर आधी हा कागद दाखवा.
"अन् ते काळं?"
ते राहील.

तीन आठवड्यांनी पांढरं आक्रसलं होतं.
काळं होतं तिथंच.
बाहेर चौतराबाई ट्रेमधून आपलं सामान
एकेक करून उचलत होत्या.
अडकित्ता माझ्यासमोर धरला.
"याला काय म्हणतेत?"
मी तोंड उघडलं.
"थांब," त्या म्हणाल्या, "यायलंय."