चिंबोरी, पडद्याएवढी

कोलशेतच्या कंपनी कॉलनीत, बॅडमिंटन कोर्टावर
दोन बांबूंना ताणलेली चादर,
आणि चादरीवर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
जगाचा शेवट.

मशीन टिपणीसकाकांचं.
दिवसा ते रंगखात्यात, हातांच्या रेषा कायम निळ्या.
रिळं कुठून आणायचे कोण जाणे,
आमच्या जन्माआधीची, पन्नासातली, काळीपांढरी,
एकाही डब्यावरचं नाव आतल्या सिनेमाशी जुळायचं नाही.

आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. काका सांगायचे:
"हा समुद्र. इथे बाँबची चाचणी झाली.
हा शास्त्रज्ञ. आता चष्मा पुसेल.
चष्मा पुसला की समजायचं, बातमी वाईट."
तो पुसायचाच.
मग लाटांमागून एक नांगी वर यायची
आणि आख्खं दीपगृह चिमटीत धरून
आगकाडी मोडावी तसं मोडायची.
(पुठ्ठ्याचंच होतं ते. नांगीची दोरीही दिसायची.
आम्ही दोरी बघायचो आणि तरी ओरडायचो.
या 'तरी'त काय होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.)

चेंदणीच्या पोशीबाई मासळी खपली की
रिकामी पाटी उलटी घालून तिच्यावर बसायच्या.
एकदा सगळी पोरं मुठीत जीव धरून असताना
त्यांचा आवाज आला, "एवरी मोठी चिंबोरी!
हिचं कालवन कराचा तं टोप कंचा आनाचा?"
कोर्टभर हसू उसळलं, कुणाचा तरी धक्का बांबूला लागला,
चादर हलली, चादरीवरची नांगी हलली.
शहर वाचलं की पडलं, त्या रात्री कळलंच नाही.
शेवटचं रीळ नव्हतं. बरेचदा नसायचं.

आता मी ऐरोलीत, चौदाव्या मजल्यावर.
रात्री दोनला खिडकीच्या फटीतून वास येतो,
आधी सडक्या कोबीसारखा, मग गोडसर.
ग्रुपवर तीस जण विचारतात, तुम्हालाही येतोय?
कुणी चष्मा पुसत नाही.
सकाळी कुणी म्हणतं रबाळे, कुणी म्हणतं महापे,
कुणी म्हणतं, खाडीच तशी.
अशा वेळी मी लॅपटॉप उघडते
आणि आवाज बंद करून ती जुनी जनावरं बघत बसते.

काय सभ्य होती ती!
यायची ती समोरून, रस्त्याच्या मधून,
आरोळी ठोकून.
वाटेतल्या प्रत्येकाला मान वर करायला वेळ द्यायची.
मोजता यायची, इतके फूट, इतके टन.
लेक म्हणते, आई, याच्या पाठीवर चेन दिसतेय.
दिसते ना, म्हणजे आत माणूस आहे, घामाघूम,
पुठ्ठ्याची कचेरी तुडवायला रोजावर आलेला.
जरा वेळाने ती विचारते,
पण याला शहरात हवं काय होतं?
अगं बाई. हे आम्ही काकांना
कधी विचारलंच नव्हतं.

काल रात्री बेसमेंटात गाडी वळवली
आणि समोरच्या भिंतीवर नांगी उगवली,
चढत छतापर्यंत, मग छतावरही.
पाय आपोआप ब्रेकवर. घशात ती ओरड,
जुनी, दुसऱ्या शनिवारची, आनंदाने गार पडलेली.
खाली दिव्यांच्या झोतात, तळहातात मावेल एवढी
एक चिंबोरी, बी-सत्तावीसच्या पांढऱ्या रेघेवर,
दोन्ही नांग्या उचलून
माझ्या गाडीला दरडावत उभी.
इथे आधी कांदळवन होतं.
तिच्याकडे बहुधा तोच नकाशा आहे.

वॉचमन कामताप्रसाद झाडू घेऊन धावला.
मी काच खाली करून म्हटलं, थांबा जरा.
तो थांबला. भिंतीकडे बघत, तोंड उघडं ठेवून.
दिवे मी बंद केले नाहीत.
मागच्या गाडीने हॉर्न दिला.