मुद्द

मैमुनाच्या कपाटात, ठेवणीतल्या ओढण्यांखाली,
मी कुवेतहून आणलेला दूधपावडरीचा डबा निघाला.
हलवला तर आत चिंचोके.

नफिसा म्हणाली, अब्बा, हे अम्मीचे राहिलेले रोजे.
सुटला की एक टाकायची,
फेडला की एक काढून चुलीत.
मोजले. त्रेसष्ट.
त्यातले सोळा वेगळे, फडक्याच्या गाठीत.
पाच-सहा किडलेले, बोट लावलं की पीठ.

मी जहाजावर होतो त्या वर्षांत.
बसऱ्याच्या धक्क्याला इंजिनाच्या खोलीत
तेलकट बोटांनी खजूर तोंडात टाकायचो
आणि पत्रात लिहायचो, माझे तीसच्या तीस पूर्ण.
तिच्या उत्तरात नारळ किती उतरले,
इद्रिसला दात आले,
उधाणाचं पाणी शिरून विहीर मचूळ झाली.
चिंचोक्यांबद्दल ओळ नाही.

खतीबसाहेबांना विचारलं.
त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला.
मयताच्या मालातून, म्हणाले,
रोजामागे एक मुद्द तांदूळ, गरिबाला.
मुद्द म्हणजे?
मध्यम माणसाची भरलेली ओंजळ.
आणि किडलेले?
चिंचोका किडतो. रोजा किडत नाही, दाऊदमियां.

मुद्द.
मला मूद ऐकू आली.
वाटीत भात दाबून ती ताटात उपडी करायची ती,
शेजारी सुका जवळा, कैरीची फोड.
रजेवर येऊन अशा किती जेवलो,
त्याचा डबा मी ठेवला नाही.

तिचा माल म्हणजे दोन पाटल्या, शिलाईचं मशीन
आणि बापाने तिच्या नावाने लावलेले तीन माड.
माडांच्या पैशांतून रत्ना तांदळाचं पोतं आणलं,
ओटीवर चटई टाकून हातांनीच मोजायला बसलो.
माझे हात दोरखंडावर वाढलेले, ओंजळ मोठी भरते.
अब्बा, हे दीड होतंय.
होऊ दे.

गाठीतले सोळा शेवटी घेतले.
गाठ सोडताना नफिसा आत निघून गेली.
इद्रिसनंतर एक झाला होता,
नाव ठेवण्याइतका जगला.
तार मला एडनला मिळाली,
तोवर इथे बाणकोटात त्याचा चाळिसावा उलटला होता.

जैबुन आली, धक्क्यावर मासळी निवडते ती,
हातात पिशवी.
ढीग बघून म्हणाली, हे कसले?
सांगितलं.
ती उभीच राहिली.
अवो, ते तर तिने तेव्हाच दिले.
तिचा सुटायचा त्या दिवशी
मगरिबच्या आधी ओढणीखालून वाडगा यायचा.
तिचा सुटायचा,
आणि तिच्या भातावर माझा सुटायचा.

मग हे चिंचोके कुठले? राहिलेले की दिलेले?
वही असती तर रकाना असता.
खाली खाडीत फेरीबोटीने भोंगा दिला,
बागमांडल्याची शेवटची गाडी चढत होती.
म्हटलं, तरी घेऊन जा. दोनदा गेलं तर गेलं.
ती म्हणाली, दोनदा कसं जाईल?
एक कुठेतरी तुमच्या नावावर पडेल.
मी हसलो नाही.
पिशवीचं तोंड धरून उभा राहिलो, ती भरत गेली.

रात्री चिंचोके चुलीत टाकायला उठलो
आणि आठवलं, चूल मोडून दहा वर्षं झाली, गॅस आहे.
विहिरीमागे पुरले.
उगवले तर उगवले.

उद्या पहिला रोजा.
मंडणगडच्या डॉक्टरने साखरेचा कागद बघून
बोट हलवलंय, यंदा एकही नाही, चाचा. यापुढेही नाही.
अस्रनंतर मशिदीमागच्या चिंचेखाली गेलो,
पडलेली शेंग फोडली.
आंबट बोट चाटणार होतो, पण खिशात हात पुसला.

रिकाम्या डब्यात
एकच पडला की
फार मोठा वाजतो.