हंगामाआधी, टाचेवरून

वेळापत्रक काल लागलं कॉलेजच्या फाटकावर.
खळ ओली होती, एक कोपरा वाऱ्याने उचललेला.
मुलांनी मोबाइलवर फोटो काढले आणि गेली.
मी चष्मा लावून उभ्याउभ्या वाचलं:
आठ कॉलेजं, पंधरा सामने,
मधे दोन दिवस राखीव, धुक्यासाठी.
डिसेंबरात आमच्या ग्वाल्हेरीत
गोलकीपरला समोरचा गोल दिसत नाही,
किल्ला तर सोडाच.

बाकीच्यांना जे महिन्याने कळेल
ते माझ्या गोणपाटावर आत्ताच पडलंय,
तळवे वर करून.

शुक्रवार. इंजिनिअरिंग विरुद्ध मेडिकल.
कंपूपासून हजिऱ्यापर्यंत याचीच चर्चा,
चहावाल्याने तर पैजाही लावून घेतल्या.
मेडिकलचा उंच बॅक, दिग्पाल तोमर:
डाव्या बुटाची बाहेरची कड पार गेलेली,
आतली नवी कोरी.
म्हणजे उजवीकडे झेप घेतच नाही बेटा.
त्याच दुपारी इंजिनिअरिंगच्या धुमाळचे बूट आले,
गोल करणाऱ्या धुमाळचे.
एका पोत्यात दोन्ही जोड्या, लेसा एकमेकींत गुंतलेल्या.
मी लेसा सोडवल्या.
बोललो नाही.

मंगळवार. शेती कॉलेज आणि मुरार.
गेल्या साली इथे रेफरीची शिट्टी हरवली होती,
अजून सापडलेली नाही.
शेतीवाल्यांच्या बुटांत माती निघते ती काळी,
मैदानाची नव्हे; सकाळी प्लॉटवर पाणी सोडून
तसेच येतात धावायला.
मुरारचे बूट चकचकीत, पण नडग्यांपाशी दात.
त्या दिवशी मलमपट्टीवाल्याने लवकर यावं.

पणजोबा माझे खोगिरं शिवायचे, पागेत,
सरकारी घोडी, मोजके टाके.
घोडं लंगडलं की आधी पाठ बघा, मग पाय,
हे आमच्या घरात अजून बोलतात,
घोडी गेली त्याला जमाना झाला तरी.
आरी तीच आहे. मूठ दोनदा बदलली.

लोक संघाची यादी वाचतात, पाच-सहा नावांवर थांबतात
आणि खालच्या नावांना हसून म्हणतात, खोगीरभरती.
मला हसू येत नाही.
खोगिरात काय भरतात ते मला ठाऊक आहे:
वाळलं गवत, लोकर, फाटक्या रजईच्या चिंध्या.
ती नसती तर पाठ सोलली असती
साऱ्या फौजेची.

म्हणून माझं विचाराल तर
रविवार, सकाळचे आठ, लॉ कॉलेज विरुद्ध पॉलिटेक्निक.
कोणी येणार नाही. दोघंही तळाचे.
लॉकडे मोजून बारा पोरं,
बारावा नीलकंठ बघेल.
तीन वर्षं राखीव, त्या दोन दिवसांसारखा:
धुकं पडलं तरच ज्याची आठवण व्हायची.

दर हंगामाआधी येतो, फाटलेलं काही नसताना.
काका, एक टाका घाला, शकुनाचा.
मी म्हणतो, ठेवून जा.

आज त्याचा बूट हातात घेतला.
खिळे तीन वर्षांनीही टोकदार.
चवड्याशी मात्र कातडं मऊ, घासलेलं,
रेषेच्या बाहेर, रेषेच्या कडेने
पळून पळून येतं तसं.
आत बोट घातलं तर पुढे कागद कोंबलेला.
एक नंबर मोठे आहेत, कुणा भावाचे असतील.
भरती त्यानेही केली आहे.

कागद उलगडला:
गेल्या सालचं वेळापत्रक,
रविवारच्या सामन्याखाली पेनाने ओढलेली रेघ,
पुसट, घामाने निळी पसरलेली.

पुन्हा त्याच घड्यांवर घडी केली,
होती तिथे बसवली, जरा घट्ट.
मग दोऱ्याला मेण लावलं,
जिथे काहीच उसवलेलं नव्हतं तिथे
एक टाका घातला,
आणि गाठ आतल्या बाजूला घेतली.

समोर फाटकावरचा कागद
वाऱ्याने अजून थोडा सुटलाय.
खळ शिल्लक आहे माझ्याकडे.
उठतो.