अर्धा आटा

उलानबातरच्या उत्तरेकडच्या टेकडीवर आज उणे एकतीस.
अंधारात स्वेटर काढला की ठिणग्या उडतात, तडतड,
म्हणून मी आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावते
आणि मगच त्याच्या पोटात घालते.
हे तेमूलेननं शिकवलं:
बोर्डाला शिवण्याआधी
आपल्या अंगातली वीज सोडून द्यायची, आई.

आठ जीबीत लग्नं मावेनाशी झाली होती.
नवरी गेरच्या बुटक्या दारातून वाकून बाहेर येते,
वळते,
आणि नेमकं तिथंच चित्र गोठायचं.
पाठवणीचं रडू फुटायच्या आत प्रोग्राम बंद.
तिच्या मामाचे रोज फोन.

मग बाजारातून दुसरी पट्टी आणली.
कंपनी तीच, वेग तोच,
लेबलावरचे आकडे दुकानातच दोनदा ताडून पाहिले.
चौथ्या खाचेत दाबली. दोन्ही टोकांना टक् झालं.
बटण.
पंखे फिरले. पडदा काळा.
आणि तीन लांब बीप,
कुंपणात डोकं अडकलेल्या करडाचे असतात तसे.

तिथून पुढे चार दिवस
काढ, लाव, काढ, लाव.
खोडरबरानं सोनेरी दात घासले.
(फुंकर मारायची नाही, तोंडाला ओल असते.)
नवी एकटी, दुसऱ्या खाचेत: चालते.
जुनी एकटी, दुसऱ्या खाचेत: चालते.
म्हणजे सासू-सून दोघी निर्दोष.
कुठलीही, चौथ्या खाचेत: करडू.
चपटा सेल काढून ठेवला, खारा चहा उकळेपर्यंत.
बोर्ड सगळं विसरला, तारीखसुद्धा,
चौथीचा नकार तेवढा विसरला नाही.

ओचिर दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला, नवा घ्या,
आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
मी तो परत त्याच्याकडे फिरवला.

शेजारची दोल्गोर कोळसा मागायला आली, बघत उभी राहिली.
यंत्रालाही आठवण कमी पडते का गं?
म्हटलं, ही ती आठवण नव्हे.
हा नुसता ओटा आहे, काम पसरायला.
वीज गेली की लख्ख पुसलेला.
ती जरा हिरमुसली.
तिला काहीतरी दुसरं बोलायचं असावं.

रात्री दोनला चुलीत विटा घालायला उठले
तेव्हा टॉर्चच्या उजेडात कूलरचे चार स्क्रू दिसले.

इंचॉनच्या कारखान्यात जायच्या आदल्या दिवशी
त्यानंच तो उतरवून नवी पेस्ट लावली होती.
घट्ट करून जातो, म्हणाला,
मागं तुला बघायला नको.
दात-ओठ खाऊन, एकेक पुरता पिळून.
मी दिवा धरला होता.
तेव्हापासून पट्टी एकच, दुसऱ्या खाचेत.
चौथीला कोण विचारणार होतं?

प्रोसेसरखाली हजारावर बारीक टाचण्या असतात,
केसाहून नाजूक. हेही त्याचंच.
दाब एका कोपऱ्याला जास्त झाला
तर पलीकडच्या कोपऱ्यातल्या
टेकल्यासारख्या दिसतात, टेकत नाहीत.

चारी स्क्रू, तिरप्या क्रमानं,
अर्धा अर्धा आटा सैल केले.
तिसरा हलेना.
त्याचं सगळं मनगट त्यात राहिलं होतं.
मी शालीचं टोक मुठीला गुंडाळलं, अंग टाकलं,
आणि तो कुरकुरला, फिरला.

बटण.
पंखे.
मी पत्र्यावर हात ठेवून उभी.
एकच बीप, आखूड.
कोपऱ्यात पांढरे आकडे: १६३८४.

सकाळपर्यंत नवरी वळली, रडली,
घोड्यांच्या धुळीत दिसेनाशी झाली,
एकदाही न थांबता.

रविवारी त्याचा फोन आला. पाठीमागं यंत्रांची घरघर.
मग, काय निघालं शेवटी?
म्हटलं,
काही नाही रे, खाचेत धूळ होती.