तीन ठिपके

रात्री अकरानंतर उद्यमबागेतली दुसरी पाळी सुटते
आणि माझा फोन टेबलावर थरथरू लागतो.

'म्याडम, एका मित्राचं विचारालोय.'
मित्राचंच असतं नेहमी.

मग तीन ठिपके. उठतात, बसतात, विझतात.
फाउंड्रीत लोखंड ओतणारा हात
एक शब्द ओतायला कचरतोय.

शाळेत तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडलेला.
घरी कुणी वाचला?
मच्छेतल्या मेडिकलात काउंटरवर याचाच चुलता.
तीनदा गेला, तीनदा डोकेदुखीची गोळी घेऊन आला.

मी लिहिते :
सिव्हिलमध्ये जिन्याखालची खोली. दाराशी पेटी आहे,
हवी तेवढी पाकिटं घ्या, नाव कुणी विचारत नाही.
तपासणीही करा. दोघांनी.
आणि तिला विचारलंत का, तिला काय हवंय?

ठिपके. बराच वेळ ठिपके.

तेवढ्यात दुसरी खिडकी उघडते, कन्नडमधून :
'नन्न गेळतिगे...' मैत्रिणीसाठी.
पाट्यांच्या भाषेवरून भांडणारं माझं गाव
इथं एकाच आवाजात खाकरतं.

पावणेबाराला त्याचं उत्तर :
'तिला विचारलो. आधी तपासणी म्हणाली.
मित्र उद्या येतोय. खोली कुठं म्हणालासा?'

जिन्याखाली, मी पुन्हा लिहिते.
दार जरा घट्ट आहे. ढकललं की उघडतंय बघा.